मामूंच्या जीपचा काटा

पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवले की गाडीतला आरपीएमचा मीटर बंद पडतो. अकोला-अमरावतीच्या गॅरेजांमध्ये ही तक्रार जुनी आहे आणि तिचे उत्तरही ठरलेले आहे. मीटर काढून टाका, भोकावर पत्रा मारा. गाडी काट्यावर चालत नाही, कानावर चालते. माझे मामू चाळीस वर्षे गिऱ्हाइकांना हेच सांगत आले. इंजिन किती फिरते आहे हे ज्याला आवाजावरून कळत नाही त्याने गाडीला हात लावू नये, असे त्यांचे मत. म्हणून गेल्या हिवाळ्यात त्यांचा अमरावतीला फोन आला आणि ते म्हणाले, "मास्टर, जीप का काटा चालू करना है, इतवार को आ जा," तेव्हा मला क्षणभर काय बोलावे ते सुचले नाही.

मास्टर म्हणजे मी. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड. झाल्यापासून मामूंनी मला नावाने हाक मारलेली नाही. लहानपणी सुट्ट्यांमध्ये मी त्यांच्याच अकोल्याच्या गॅरेजमध्ये रॉकेलमध्ये नट-बोल्ट धूत बसायचो, त्यामुळे इंजिनाची थोडीफार ओळख आहे. पण वायरिंगसाठी त्यांनी मला बोलवावे हे नवीन होते. कारण मला ठाऊक होते, ते त्यांनी फोनवर सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आधी जीपबद्दल. ही जीप मामूंनी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती. जुनी महिंद्रा, पेट्रोलचे चार सिलिंडरचे हरिकेन इंजिन, खडखडणारे दरवाजे. महिंद्रा म्हटले की मला राहवत नाही, वर्गातही मी ही गोष्ट सांगतो. १९४५ साली ही कंपनी निघाली तेव्हा तिचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. जे. सी. आणि के. सी. महिंद्रा हे दोघे भाऊ आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. 'एम अँड एम' ही अक्षरे मात्र तीच राहिली. मी मामूंना हे सांगितले तेव्हा ते जीपखालूनच म्हणाले, "मतलब इंजन बदला, बोनेट वहीच रहा."

१९८० आणि ९० च्या दशकांत आपल्याकडे पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून घेण्याची लाटच होती. दोन्ही इंधनांच्या भावात बरेच अंतर होते आणि सवारी वाहणाऱ्या माणसाला पेट्रोल परवडत नव्हते. मूर्तिजापूरच्या शकुंतलेचेही तेच झाले. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून या रुळांवर धावत होते, ते १५ एप्रिल १९९४ रोजी थांबले आणि पुढे गाडी डिझेल इंजिनाने ओढली. मामू तेव्हा मुद्दाम मूर्तिजापूरला जाऊन नवे इंजिन बघून आले होते. ते सांगतात की वाफेच्या इंजिनाचा आवाज ऐकून गाडीला किती डबे आहेत ते सांगता यायचे. डिझेलचे काही सांगता यायचे नाही, ते आपले एकसारखे गुरगुरत राहायचे.

त्यांच्या स्वतःच्या जीपमध्ये डिझेल इंजिन फार उशिरा आले. एका भंगार गाडीतून काढलेले, सुमारे अडीच लिटरचे. आरटीओची परवानगी, आरसी बुकात नव्या इंजिनाचा नंबर, सगळे केले. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणी उत्साहाच्या भरात इंजिन बदलून घेईल. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याच कामासाठी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असे बजावल्यावर तर पूर्वीसारखी मोकळीक उरलेली नाही. आधी कागद, मग पाना.

मीटर पेट्रोलच्या काळातला होता. कुठल्याशा मोटारीतून निघालेला गोल मीटर, मागे चार, सहा, आठ सिलिंडर निवडायचे बटण. तो मामूंनी हौसेने डॅशबोर्डवर बसवला होता आणि त्याच्याकडे कधी बघितलेही नव्हते. इंजिन बदलल्यावर काटा शून्यावर पडला तो पडलाच. तो काढून पत्रा मारायचा त्यांना कंटाळा आला, एवढ्यावरच तो वाचला होता.

आता कानाबद्दल.

मामू गाडी कशी ऐकायचे हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगून पटत नाही. चिखलाने भरलेली गाडी दारात येऊन थांबली, की ते चहाची बशी खाली न ठेवता म्हणायचे, तिसऱ्या नंबरचा नोझल गळतो आहे. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून टॅपेटचा हिशेब सांगायचे. गिऱ्हाइके वाशीमवरून, अकोटवरून, बाळापूरवरून यायची. एक पाटील काका तर म्हणायचे, "चाचा, गाडी राहू द्या, माही छातीच ऐकून सांगा काय झालं त."

हा कान हळूहळू गेला. आधी घरातल्यांच्या लक्षात आले. मामीचे बोलणे त्यांना अर्धे कळेना, नातवंडांचे तर काहीच नाही, पुरुषांचे मात्र कळायचे. सात म्हटले की आठ ऐकू यायचे. अजान कानावर पडायची पण शब्द सुटे होत नसत. त्यातून कानात सतत एक बारीक शिटी. मी त्यांना घेऊन तपासणीला गेलो. बंद खोलीत कानाला यंत्र लावतात, आवाज आला की बटण दाबायचे असते. मामू बराच वेळ नुसतेच बसून होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मैं समझा मशीन बंद है."

डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. जाड आवाजांपर्यंत ठीक, पुढे बारीक आवाजांकडे जाता जाता चार हजार हर्ट्झच्या आसपास ती खड्ड्यात पडल्यासारखी खाली गेलेली. वर्षानुवर्षे गोंगाटात राहिलेल्या कानाची ही ओळखीची खूण. आतल्या कानात बारीक केसांसारख्या पेशी असतात, त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आपल्याकडे कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी नव्वद डेसिबलची मर्यादा लिहिलेली आहे. पण ती कारखान्यांसाठी. दोन पोरे आणि एक उस्ताद असलेल्या टिनाच्या शेडमध्ये डेसिबल मोजायला कोण येणार? आपल्या मोहल्ल्यांमध्ये किती मिस्त्री, वेल्डर, डेंटिंगवाले, पॉवरलूमवाले आहेत ते आठवून बघा, आणि त्यांतले किती जण टीव्ही मोठ्याने लावतात तेही. आपण त्याला म्हातारपण म्हणतो.

डिझेल इंजिनाचे मुख्य गुरगुरणे जाड असते, ते मामूंना अजूनही येते. नोझलची टिकटिक, टॅपेटचा खळखळाट, पट्ट्याची किरकिर हे सगळे बारीक, ते गेले. त्यांच्या शब्दांत, "आवाज आती है, बात नहीं आती." मागच्या वर्षी एका पिकअपचे आयडलिंग त्यांनी लावले आणि ती गाडी दोनदा परत आली. गिऱ्हाईक जुने, काही बोलले नाही. तिसऱ्या वेळी त्याने हळूच गॅरेजमधल्या पोराला बाजूला बोलावून म्हटले, "तूच करून दे रे." मामूंना ते ऐकू आले नाही, पण दिसले. त्या दिवसापासून त्यांनी इंजिन ट्यूनिंगला हात लावणे सोडले. ब्रेक, क्लच, सस्पेन्शन एवढेच. माझे मामेभाऊ म्हणू लागले, अब्बा, आता बस करा, आराम करा. आराम हा शब्द मामूंना शिवीसारखा लागतो.

म्हणून तो फोन.

रविवारी सकाळच्या गाडीने अकोल्याला पोचलो. मामूंनी मीटर डॅशमधून बाहेर काढून पेपरवर मांडून ठेवला होता. मागे चार टोके. एक चावीतून येणाऱ्या बारा व्होल्टसाठी, एक अर्थिंगचे, एक आतल्या बल्बचे आणि एक सिग्नलचे. पहिली तीन जागेवर होती. चौथी वायर बोनेटमध्ये जाऊन कुठेच न जोडलेली लोंबकळत होती.

पेट्रोल इंजिनात ही चौथी वायर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला असते. तिथे प्रत्येक ठिणगीबरोबर विजेचा एक झटका येतो. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत दोन ठिणग्या पडतात. मीटर एवढेच करतो की झटके मोजतो आणि दोन झटक्यांना एक फेरी धरून काटा सरकवतो. डिझेलमध्ये ठिणगीच नाही. हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल आपोआप पेट घेते. कॉइल नाही, प्लग नाही, म्हणून झटके नाहीत. मीटर बिघडलेला नसतो. त्याला मोजायला काही मिळत नसते.

मग फेऱ्या मोजायच्या कुठून? एक रस्ता फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकी सेन्सर बसवण्याचा. त्यासाठी बेल-हाउसिंगला भोक पाडावे लागते, मामू तयार नव्हते. दुसरा रस्ता अल्टरनेटरचा. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आत खरे तर उलट-सुलट होणारी एसी वीज तयार करतो, डायोडमधून गेल्यावर तिची डीसी होते. डायोडच्या आधी स्टेटरच्या एका फेजवरून वायर बाहेर काढली, तर त्या एसीच्या लाटा मोजता येतात. बऱ्याच डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरवर यासाठी वेगळे टोक दिलेले असते, त्यावर डब्ल्यू लिहिलेले असते. आमच्यावर नव्हते. मामूंनी अल्टरनेटर उघडला, फेजच्या जोडावर वायर झाळली, कव्हरच्या भोकात रबरी ग्रोमेट घालून ती बाहेर आणली. हे सगळे करताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला, बोलले काहीच नाही. हात अजून पहिल्यासारखेच आहेत.

सिग्नल येतो की नाही ते बघायला ती वायर सरळ मीटरला लावली आणि सेल्फ मारला. थोडी रेस दिल्यावर चार्जिंगचा लाल दिवा विझला, काटा उसळला, आणि रेस सोडून आयडलिंगवर गाडी आली तरी पाच हजाराच्या जवळ थरथरत राहिला. गॅरेजमधला पोरगा हसत सुटला, "उस्ताद, जीप है के रॉकेट?" मामूही हसले. मेलेला काटा हलला होता.

पाच हजार का, याचा हिशेब करायचा होता आणि इथे माझ्या पोटातला शिक्षक जागा झाला. त्या पोराने उर्दू माध्यमातून नववीपर्यंत शिकून शाळा सोडलेली. त्याला मी म्हटले, क्रँकची पुली आणि अल्टरनेटरची पुली यांचे गुणोत्तर काढायचे. तो माझ्याकडे बघत राहिला. रेशो म्हटले, तरी तेच. मग म्हटले, "दोनों की निस्बत." लगेच चेहरा उजळला. बालभारतीच्या उर्दू गणितात गुणोत्तराला निस्बत म्हणतात. हाच शब्द आपल्या घरांत सोयरीक ठरण्यालाही वापरतात, आणि त्याच्या बहिणीची निस्बत नुकतीच ठरली होती, त्यामुळे त्याला तो जरा जास्तच लवकर कळला. माझा बरेच वर्षांचा अनुभव आहे की आमच्या मुलांना गणित येत नाही असे जिथे वाटते, तिथे बऱ्याचदा फक्त शब्द येत नसतो. शाळा बदलली, माध्यम बदलले, की मुलाचा काटाही असाच शून्यावर दिसतो. पण हा विषय मोठा आहे, त्यावर वेगळे लिहीन.

दोन्ही पुल्यांवर खडूने खुणा केल्या. क्रँकच्या नटाला लांब पाना लावून आम्ही दोघांनी इंजिन हाताने फिरवले. डिझेलचे कॉम्प्रेशन जड असते, दहा फेऱ्यांत घाम निघाला. तेवढ्यात अल्टरनेटरच्या बावीस फेऱ्या झाल्या. म्हणजे निस्बत २.२. अल्टरनेटर बारा पोलचा, त्याच्या एका फेरीत सहा लाटा. सहा गुणिले २.२ म्हणजे इंजिनाच्या एका फेरीला १३.२ लाटा. मीटरला हव्या होत्या दोन. म्हणून तो ६.६ पट दाखवत होता. साडेसातशेला ४,९५०.

यावर तोड म्हणजे लाटांना सहाने भागणारे छोटे सर्किट. अमरावतीत माझा एक जुना विद्यार्थी इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने पुढच्या आठवड्यात ४०१७ नावाच्या साध्या काउंटर आयसीवर ते बनवून दिले. ही आयसी झटके मोजत पुढे जाते, सहावर पोचली की स्वतःला शून्य करते आणि पुन्हा सुरू, म्हणजे सहा झटक्यांतून एकच बाहेर पडतो. गाडीतली वीज फार वर-खाली होते, म्हणून आधी आठ व्होल्टचा रेग्युलेटर, आणि अल्टरनेटरच्या बाजूला रेझिस्टर व झेनर डायोड. पैसे घ्यायला तयार नव्हता. जबरदस्तीने खिशात कोंबले.

सहाने भागल्यावर १३.२ चे २.२ उरले, म्हणजे अजूनही दहा टक्के जास्त. मीटरच्या पाठीवर बारीक स्क्रूने फिरणारा एक पॉट असतो, त्याने एवढा फरक काढता येतो. पण काढायचा कशाच्या आधारावर? खरे आरपीएम किती, हे सांगणारे दुसरे काहीतरी हवे. मी लेझरवाल्या टॅकोमीटरची गोष्ट काढली. पुलीवर चमकती पट्टी चिकटवायची, लांबून प्रकाश मारायचा, आकडा येतो. स्वस्त असतो. मामूंनी माझ्यासमोर दोन्ही हात धरले. एका हातात पाना, दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर. आयडलिंगचा स्क्रू फिरवायचा आणि त्याच वेळी चेक-नट धरायचा. "लेझर कौन पकडेगा, तेरी मामी?" त्यांना एकदाच मोजणारे यंत्र नको होते, काम करताना डोळ्यांसमोर राहणारा काटा हवा होता. मला ते पटले.

एकदा तपासण्यापुरती युक्ती मात्र गॅरेजमध्येच टांगलेली होती. चोकवाली जुनी ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते आणि मंदावते. डोळ्याला ते दिसत नाही, पण फिरणाऱ्या वस्तूवर दिसते. पुलीवर पांढरा ठिपका लावा. इंजिन बरोबर दीड हजारावर असेल तर ते सेकंदाला पंचवीस फेऱ्या मारते, एका फेरीत ट्यूब चार वेळा उजळते, आणि एका ठिपक्याचे चार ठिपके चारी बाजूंना स्थिर उभे दिसतात. वेग जरा वाढला की ते चार ठिपके पुढे सरकू लागतात, कमी झाला की मागे. चार ठिपके साडेचार हजारालाही दिसतील, पण तिथवर हे इंजिन पोचणारच नाही. हजारावर सहा ठिपके, साडेसातशेवर आठ. ग्रामोफोनच्या जमान्यात तबकडीचा वेग असाच तपासत असत. नव्या एलईडीवर याचा भरवसा नाही, बऱ्याच एलईडी लुकलुकतच नाहीत.

इशाच्या नमाजनंतर शटर अर्धे ओढून आम्ही बसलो. पहिला अर्धा तास लाइटच गेली होती, हे सांगायला नकोच. ती आल्यावर बाकीचे दिवे बंद केले, फक्त ट्यूब. मामूंनी बाह्या वर केल्या, मफलर काढून ठेवला (फिरत्या पट्ट्याजवळ मफलर घालून वाकणाऱ्याला ते गॅरेजमधून हाकलतात), आणि रेस धरली. ठिपका आधी धुरकट कडे झाला. मग तुटला. मग चार पांढरे डाग मागे मागे सरकताना दिसले, सावकाश झाले, आणि थांबले. मामू वाकून बघत होते. मी स्क्रू फिरवून काटा साडेसोळाशेवरून दीड हजारावर आणला. मग आयडलिंगवर आठ ठिपके जुळवले, काटा साडेसातशेच्या रेघेवर.

मला त्या वेळी पारस आठवत होते. बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या वीजकेंद्रात अडीचशे मेगावॅटचे दोन संच आहेत, आणि त्यांची टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेऱ्या घेतात, कारण पन्नास हर्ट्झ त्यातूनच येतात. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेची ग्रिडही जोडली गेली, तेव्हापासून साऱ्या देशाची ग्रिड एका तालात चालते. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती ठेवावी असा नियम आहे. म्हणजे हजारात एक-दोनाचा फरक. कुठल्या बाजारी मीटरपेक्षा हे बरे. मामूंना समजावून सांगितले तर त्यांनी ट्यूबकडे बघितले आणि म्हणाले, "बिल भरते सो आज वसूल हुआ."

मीटरच्या काही मर्यादा त्यांनी दोन दिवसांतच शोधून काढल्या. पट्टा ढिला असला तर तो घसरतो, अल्टरनेटर कमी फिरतो आणि काटा खोटे बोलतो. सुरुवातीला लाल दिवा विझेपर्यंत काटा झोपलेलाच असतो. आणि मुख्य म्हणजे काटा फक्त फेऱ्या सांगतो. नोझल गळतो आहे, बेअरिंग वाजते आहे, हे तो सांगू शकत नाही. ते गेलेच. मी श्रवणयंत्राचा विषय काढला तर म्हणाले, बघू. गॅरेजच्या गोंगाटात ते कितपत चालेल याची मलाही शंका आहे, पण घरात तरी मामीचे बोलणे पूर्ण ऐकू येईल. यावर ते म्हणाले, त्याचीच तर भीती आहे. हा विनोद त्यांनी आता बऱ्याच जणांना ऐकवला आहे. कानाचा कागद मात्र त्यांनी फाडलेला नाही, कपाटात आरसी बुकासोबत ठेवला आहे.

पोरांच्या कानांचे काय, हे मी विचारले. ग्राइंडर चालवताना कानात घालायचे फोमचे बोळे मी अमरावतीहून नेऊन दिले होते. पहिल्या आठवड्यात पोरे लाजली. मामू काही बोलले नाहीत, फक्त ग्राइंडरचा प्लग काढून खिशात ठेवू लागले. ज्याच्या कानात बोळे नाहीत त्याला प्लग मिळत नाही.

जीपचे काम झाल्यावर त्यांना खरे हवे होते ते त्यांनी सांगितले. तसाच एक मीटर डब्यात बसवून, दोन क्लिपा बॅटरीला आणि एक अल्टरनेटरच्या डब्ल्यू टोकाला, म्हणजे दारात येणाऱ्या कुठल्याही डिझेल गाडीला लावता येईल. बिस्किटांचा पत्र्याचा डबा त्यांनी आधीच कापून ठेवला होता. अडचण एवढीच की प्रत्येक गाडीच्या पुल्या वेगळ्या, अल्टरनेटर वेगळे, म्हणजे त्या डब्यातला एकच मीटर प्रत्येक गाडीवर वेगळे खोटे बोलणार. त्यासाठी पोराने एक कॉपी केली आहे. उजवीकडून डावीकडे रकाने. गाडीचे मॉडेल, अल्टरनेटरचे पोल, निस्बत, आणि त्या गाडीवर काटा साडेसातशेला खरा कुठे उभा राहतो. प्रत्येक नव्या गाडीला रात्री थांबवून घेतात, ट्यूबखाली आठ ठिपके जुळवतात आणि रकाना भरतात. त्या पिकअपवाल्याची गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा मामूंनी क्लिपा स्वतः लावल्या, डबा बोनेटवर ठेवला आणि त्याला म्हणाले, "भाऊ, इकडे या, काटा तुमीच पाहा." तो पाहत होता, मामू स्क्रू फिरवत होते.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा कॉपीत एकोणीस गाड्या झाल्या होत्या. विसावी ट्रॅक्टर आहे, त्याचा अल्टरनेटर किती पोलचा ते कळत नाही, म्हणून तो रकाना मोकळा सोडला आहे. मामू म्हणतात, उघडून पोल मोजल्याशिवाय लिहायचे नाही.